समोरचे

सकाळचे सात वाजलेत. डिसेंबरचं धुकं शाळेच्या पटांगणावरून अजून उठलेलं नाही. एक होमगार्ड पाटीतून मुठीमुठीनं चुन्याची फक्की सोडत रस्त्यावर आडवी रेघ ओढतो. मतदान केंद्रापासून शंभर मीटर. रेघेच्या आत चिन्ह नाही, पॅनेलचं उपरणं नाही, कुणाच्या कानाला लागणं नाही. रेघेच्या अलीकडे सगळं गाव.

अलीकडे दोन टेबलं. एक रस्त्याच्या डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही टेबलांच्या पायांवर एकाच मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं आहे. तो पहाटे आला, इकडे दहा खुर्च्या मांडल्या, तिकडे दहा मांडल्या आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

हे माझं आजोळ. कराडच्या खाली, कृष्णेच्या काठी. गावाचं नाव सांगत नाही. वाळवा, पलूस, शिरोळ, या पट्ट्यात कुठेही एसटीतून उतरलं तरी ते भेटेल. डाव्या टेबलापाशी थोरला मामा उभा आहे. उजव्या टेबलापाशी धाकला मामा. मधे बारा पावलांचा रस्ता. माझं नाव इथल्या यादीत नाही, म्हणून मला दोन्हीकडे चहा आहे. मी आधी डावीकडे घेतो, कारण तो थोरला. मग रस्ता ओलांडतो. पाठीवर वीस-पंचवीस नजरा आहेत, हे चालतानाच कळतं.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. पॅनेल असतं. एका पॅनेलच्या नावात ग्रामदैवत आणि विकास, दुसऱ्याच्या नावात विकास आणि ग्रामदैवत. प्रभाग दोनमधल्या महिलांसाठीच्या जागेवर थोरल्या मामाची सून उभी आहे. तिचं चिन्ह छत्री. तिच्याविरुद्ध धाकली मामी. तिचं कपबशी. नात्यानं चुलत सासू आणि सून. आपापल्या टेबलापुढे दोघी हात जोडून उभ्या आहेत. दोघींच्या अंगावर नवी साडी, त्यावर स्वेटर. मतदाराला त्यांच्या मधूनच जावं लागतं. बहुतेक जण खाली बघून चालतात.

इथे विरोधकाला विरोधक म्हणत नाहीत. ‘समोरचे’ म्हणतात. समोरच्यांची गाडी. समोरच्यांची मतं. समोरच्यांचं पोरगं पोलीस भरतीत लागलं. नाव घ्यायचं नसतं, सख्ख्या भावाचंही नाही. धाकला मामा कुणाला तरी आणायला मोटारसायकलवरून निघतो, तेव्हा थोरला मामा माझ्याकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो आणि म्हणतो, “समोरचे मळ्यात चालले वाटतं.”

टेबलावर मतदार यादी. पानं चुरगळलेली, कोपरे तेलकट. प्रत्येक नावापुढे खूण आहे. हिरवी टिक म्हणजे आपलं. लाल फुली म्हणजे समोरचं. पेन्सिलीचं गोल म्हणजे काठावरचं. प्रभागात साडेसहाशेच्या आसपास मतं, आणि साडेसहाशे नावांपुढे खुणा. महिनाभर रात्री जागून केलेल्या. कुणाच्या घरात कोण नाराज आहे, कुणाची सून कुठल्या गावची, कुणी सोसायटीचं कर्ज कुणाच्या सहीवर काढलं, हे सगळं त्या खुणेत येतं. मी पान उलटतो. धाकल्या मामाचं नाव दिसतं. त्यापुढे लाल फुली. ती थोरल्या मामाच्या हातची आहे. तो ‘×’ काढताना शेवट थोडा वर ओढतो, लहानपणी माझी गणितं तपासायचा तेव्हाही तसाच ओढायचा.

उजवीकडच्या यादीतही मी तेच पान काढून बघतो. तिथे थोरल्या मामापुढे फुली आहे. बॉलपेन दोनदा फिरवलेलं.

दोन्ही याद्यांत एकाच नावापुढे हिरवी टिक आहे. आजीच्या.

*

साडेसातला दार उघडतं. धुक्यातून पहिली रांग दिसू लागते. बाप्यांची वेगळी, बायकांची वेगळी. बायकांची लांब. डोक्यावरून पदर, पायांत स्लीपर, हातात चिठ्ठी घट्ट धरलेली. कुणाच्या कडेवर लेकरू. पटांगणाच्या कडेला कुणीतरी उसाचा पाला पेटवून शेकोटी केली आहे. रांगेतले जागा राखून तिथे जातात, हात शेकतात, परत येतात.

शेकोटी मात्र एकच आहे. तिच्याभोवती दोन्हीकडचे उभे आहेत. बोलणं थंडीचं, उसाच्या तोडीचं, बिबट्याचं. मताचं कुणी बोलत नाही. एखादा समोरचा आला की वर्तुळ थोडं सरकतं आणि जागा होते. नजर मात्र निखाऱ्यावर.

रस्त्यानं एक पोरगा दुधाची किटली घेऊन चालला आहे. शाळेशेजारीच दूध डेअरी आहे, काटा चालू आहे, फॅट लावायचं मशीन गुणगुणतंय. पोरगा तिथे थांबत नाही. पुढे जातो, देवळाला वळसा घालतो, चावडीमागच्या दुसऱ्या डेअरीत जातो. पाव किलोमीटर जास्त. गावात दोन डेअऱ्या आहेत. दोन विकास सोसायट्या. दोन तालमी, दोन गणपती, दोन किराणा दुकानं. दाढीसुद्धा दोन ठिकाणी. मी पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हा हे सगळं एकेकच होतं. मग सोसायटीच्या चेअरमनपदावरून एका रात्री बैठक मोडली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गाव मधोमध उकललं. बांधावरून भांडण झालं असं दोन्ही मामा सांगतात. बांध नंतरचा.

एक म्हातारा काठी टेकत रेघेपाशी येतो. दोन्ही टेबलांवरून दोन पोरं धावतात. दोघंही त्याला ‘अण्णा’ म्हणतात. दोघंही त्याचा दंड धरतात. तो मधे उभा राहतो, एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे, आणि म्हणतो, “सोडा रं. पाय हायती मला.” पोरं दोन पावलं मागं येतात. दोघांच्याही डोळ्यांत एकच हिशेब चाललेला असतो. त्यानं आधी कुणाकडे बघितलं?

*

ऊन वर आलंय. धुकं गेलं. पत्र्याच्या शेडखाली रांग वळते.

मी लोकांना एकच गोष्ट विचारत फिरतो. समोरच्यांना मतं का पडतात?

डाव्या टेबलावर उत्तर तयार आहे. “पाकीट.” रात्री बारानंतर कुठल्या आळीत कुणाची गाडी गेली, कुणाच्या घरात किती मतं आणि त्या घरात किती गेले, सगळं सांगतात. एक जण बोटं मोडून मोजतो. कुणाला शेळी, कुणाला मंगळसूत्राची वाटी सोडवून दिली.

उजव्या टेबलावरही उत्तर तयार आहे. “भीती.” कारखान्याची टोळी समोरच्यांच्या हातात. तोड लांबवली की ऊस वाळतो, वजन जातं. एका माणसाचा ऊस गेल्या साली फेब्रुवारी संपला तरी उभा होता, तुरे आलेले. “त्यो काय बोलणार? गपगुमान टाकतोय मत.”

तिसरीकडे सोयरीक कारण असते. चौथीकडे जात. पाचवीकडे दारू. कुणी म्हणतं फूस लावली, कुणी म्हणतं डोळ्यांवर झापड आहे. या कारणांतली बरीचशी खरी आहेत. पाकिटं वाटली जातात, टोळ्या अडवल्या जातात. मी या गावात ते बघितलं आहे. पण सकाळपासून मी साठ-सत्तर माणसांशी बोललो, आणि समोरच्याबद्दल एकानंही असं म्हटलेलं नाही की त्यानं विचार केला आणि त्याला ते पटलं. स्वतःबद्दल मात्र प्रत्येक जण तेच म्हणतो. “आपण बघून, विचार करून.” हे मी दिवसभर ऐकतो आणि माझ्या मनात ते खुपत राहतं. कारण मीही तसाच आहे. पुण्यात आमच्या इमारतीत दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्यांबद्दल मी जे बोलतो, ते आठवून मला आज बरं वाटत नाही. त्या माणसांच्या घरात कधी चहासुद्धा घेतलेला नाही मी. इथे निदान फुली मारणाऱ्याला समोरच्याच्या म्हशीचं नाव माहीत असतं.

पलीकडच्या वस्तीतल्या बायका येतात. पंधरा-वीस जणी, एकत्र. त्या रेघ ओलांडेपर्यंत दोन्ही टेबलं गप्प होतात. मग डावीकडून एक आवाज, हळू: “एकगठ्ठा.” थोड्या वेळानं उजवीकडे जातो, तर तिथेही तोच शब्द.

त्यांतली एक माझ्या आईच्या वर्गातली आहे. मला ओळखते, रांगेत माझी विचारपूस करते. मी तिलाही तेच विचारतो. ती आधी हसते. मग म्हणते, “एकगठ्ठा म्हंत्यात आमाला. आमच्या घरात तीन मतं हायती, ती तिनीकडं हायती. सासरा एकीकडं, पोरगं दुसरीकडं.” आणि ती स्वतः? ती थोडा वेळ बोलत नाही. मग वस्तीवरच्या नळाची गोष्ट सांगते. पाइप आली तेव्हा उन्हाळा होता, ती कुणी आणली, कोणी उकरायला माणसं दिली, कोण फोटो काढून गेला, पुढं व्हॉल्व्ह कुणी बंद केला, किती दिवस, कुठल्या मेंबरकडे त्या किती खेपा गेल्या. सगळं तारीखवार. तिनं गेल्या पाच वर्षांचा हिशेब मनात मांडून ठेवलाय आणि त्यावरून तीन बटणं ठरवलीत. हा हिशेब तिला कुणी विचारलेला नाही. दोन्ही याद्यांत तिच्या नावापुढे पेन्सिलीचं गोल आहे.

तिच्या मागं उभी असलेली पोरसवदा बाई सारखी तळहात पुसते. बोटांच्या पेरांत पिवळं आहे. या भागात मतदानाच्या आदल्या रात्री बेल-भंडारा उचलायला लावतात. देवासमोर न्यायचं, तळहातावर भंडारा ठेवायचा, वर बेलाचं पान, आणि तोंडानं वदवून घ्यायचं, मत अमक्यालाच. काल तिच्याकडून दोन्हीकडच्यांनी वदवून घेतलंय, तासाच्या अंतरानं. नवऱ्यानं एकाला शब्द दिलेला, भावानं दुसऱ्याला. “आता मी काय करू, ताई?” ती पुढचीला विचारते. पुढची तिचा हात धरते, पदराच्या टोकानं पिवळं पुसते. ते निघत नाही. रांग दोन पावलं सरकते.

*

आजीला घेऊन मी दहाला येतो. शहाऐंशी वर्षांची. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकल्याकडे. वाटणीत तसं ठरलंय. सध्या धाकल्याकडे आहे. तिला मोटारसायकलवर बसवायला दोन्ही घरांतून पोरं आली होती, तिनं दोघांना नको म्हटलं आणि माझा हात धरला. चालत निघालो. वाटेत तीनदा बसली.

रेघेपाशी आलो तेव्हा दोन्ही टेबलं उठून उभी राहतात. नातसून पुढे येते, वाकते, पाया पडते. तिच्या मागून धाकली सून येते. तीही वाकते. दोघींची डोकी एकमेकींना लागतील इतकी जवळ येतात. आजी दोघींच्या पाठीवरून हात फिरवते आणि काही बोलत नाही. मी तिला वर्गाच्या दारापर्यंत नेतो. पुढे मला जाता येत नाही.

दारातून आतलं दिसतं. भिंतीवर बाराखडी, फळ्यावर पुसट गुणाकार. यंत्र पुठ्ठ्याच्या आडोशाला. एका बाकावर दोन्ही पॅनेलचे एजंट शेजारीशेजारी बसलेत. बाक चौथीच्या मुलांचा आहे, त्यामुळे दोघांचे गुडघे हनुवटीला. एकाच्या चंचीतला चुना दुसऱ्याच्या तळहातावर. नाव पुकारलं की दोघं एकाच वेळी आपापल्या यादीत रेघ मारतात. अधिकारी आजीच्या डाव्या तर्जनीवर शाई लावतो. मैसूरला तयार होणारी शाई देशाच्या निवडणुकांत १९६२ पासून आहे. आजीनं पहिल्यांदा मत दिलं ते लग्न होऊन या गावात आल्यावर, असं ती सांगते. तेव्हापासून एकही मत चुकवलेलं नाही.

ती आडोशाला जाते. फार वेळ लागतो. बाकावरचे दोघं चुना मळायचे थांबतात. सरपंचासाठी एक मत, सदस्यांच्या जागांसाठी वेगळी. सगळी बटणं दाबून झाल्याशिवाय यंत्र वाजत नाही. अधिकारी विचारतो, “झालं का आजी?” आतून आवाज, “थांब की.” मग लांब बीप.

बाहेर येते. बोट वर धरलेलं, शाई पुसू नये म्हणून.

“बटाण लई घट हाय,” ती म्हणते.

परतताना दोन्ही टेबलांवरून आम्ही जातो. कुणीही तिला विचारत नाही. थोरला मामा खुर्ची पुढे करतो, तिला बसायचं नाही. धाकला मामा पाण्याचा तांब्या आणतो. ती घोटभर पिते. त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी मी पितो.

*

दुपार. डिसेंबर असला तरी पत्र्याखाली चटका बसतो. रांग आटलीय. कुत्री टेबलांखाली. तेवढ्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. काचेवर धूळ, आत दाटीवाटीनं माणसं, रात्रभर झोप नाही. गाडी कुणी पाठवली ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून उतरतानाच माणूस कुणाचा ते ठरतं. भोसरीच्या कारखान्यातले, कोपरखैरण्यातले माथाडी, एक बँकेतला. आई-बापाच्या पाया पडायला घरी जाऊन येतो म्हणतात. “आधी मत,” म्हणून त्यांना आधी शाळेत नेतात.

पिंपळाच्या पारावर म्हातारी मंडळी टक्केवारीचं बोलतायत. दोन वाजेपर्यंत साठाच्या वर गेलंय. इथे ते नवल नाही. २०२१ च्या जानेवारीत राज्यात १२,७११ ग्रामपंचायतींसाठी एकाच दिवशी मतदान झालं, ते सरासरी ७९ टक्क्यांच्या आसपास. २०२४ च्या लोकसभेला हेच राज्य ६१ च्या आसपास थांबलं. दिल्लीसाठी लोक दमतात. गावासाठी दवाखान्यातून सलाइन काढून येतात. शे-दोनशे मतांच्या पुढं जाणारे फरक इथे क्वचित. एका मतानं पडलेली माणसं पारावर बसलेली आहेत. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. फरक तीन मतांचा असला की ती तीन कुणाची, हे गाव पुढची पाच वर्षं शोधत राहतं. आणि शोधून काढतंच. चुकीची का होईना.

एक जुने गुरुजी हळहळतात. “बिनविरोध व्हायला पायजे होती. हिवरेबाजारला बघा, तीस वर्षं मतपेटी लागली नाही.” खरं आहे. पण २०२१ ला तिथेही मतदान झालं, आणि गाव काही मोडलं नाही. गुरुजी मान हलवतात. त्यांच्या मनात गावाची एकी आहे, ती खोटी नाही. तरी मला बोलल्याशिवाय राहवत नाही. या गावातही दोनदा बिनविरोध झाली होती. बैठक वाड्याच्या सोप्यात झाली, आठ-दहा जणांची. वस्तीवरच्या कुणाला बोलावणं नव्हतं. बायकांना तर नव्हतंच. त्या दहा वर्षांत गावात भांडण नव्हतं आणि वस्तीवर नळही नव्हता. गुरुजी ऐकून घेतात. “तेबी हाय,” म्हणतात, आणि चष्मा पुसू लागतात.

बायकांच्या जागा १९९३ नंतर एक तृतीयांश झाल्या, २०११ ला निम्म्या. त्यामुळे भांडणाचं कुटुंबही बदललं. पूर्वी दोन भाऊ समोरासमोर असायचे, आता दोन सुना असतात, आणि स्वयंपाकघरं तुटतात. धाकल्या मामीनं अर्ज भरला तेव्हा छाननीत तिच्यावर हरकत आली. तिसरं मूल नाही ना, हे आधी बघतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालेलं असलं की उमेदवारी जाते. तिला दोनच. मग अतिक्रमण बघतात. हरकतीत लिहिलं होतं, उमेदवाराच्या गोठ्याची भिंत गावठाणात अडीच फूट पुढे आहे. हे अडीच फूट गावात कुणाला माहीत नव्हतं. ती भिंत दोन्ही भावांनी मिळून बांधली होती, मी दुसरीत होतो, मी पाणी मारलं होतं तिच्यावर. हरकत टिकली नाही. पण मामीनं मला काल जेवायला वाढताना एवढंच विचारलं, “ते अडीच फूट कुणी सांगितलं आसंल रं?” मी ताटाकडे बघत राहिलो. माझ्या समोर भाकरी होती आणि ती खाली जाईना.

आज थोरल्या मामाला विचारावं असं चारदा मनात येतं. तो घामेजलेला असतो, यादीवर वाकलेला. पाचव्यांदा विचारतोच. तो पेन ठेवतो. बराच वेळ रस्त्यापलीकडे बघतो. “वकिलानं विचारलं, काय हाय का त्यांचं. तोंडातनं गेलं.” मग पेन उचलतो. “निवडणूक हाय बाबा.”

*

साडेपाचला पाच मिनिटं कमी. रांगेत अजून चाळीस-पन्नास आहेत. अधिकारी शेपटाकडून सुरुवात करतो, शेवटच्या माणसाला पहिली चिठ्ठी, आणि चिठ्ठ्या वाटत पुढे येतो. त्याच्या मागं आता कुणाला उभं राहता येत नाही. एक जण धावत येतो, चप्पल हातात, शेतातून आलेला, पायांना चिखल. अर्धं मिनिट उशीर. होमगार्ड आडवा होतो. दोन्ही टेबलांवरून एकच ओरडा उठतो, “सोडा की त्याला!” दोन्हीकडे तो आपला आहे. अधिकारी नाही म्हणतो. माणूस फक्कीच्या रेघेवर बसतो. फक्की आता दिवसभराच्या पायांनी फिसकटली आहे, नुसता पांढरा डाग.

आत यंत्राला मोहर लागते. दोन्ही एजंट सही करतात, एकाखाली एक. एकाचं पेन चालत नाही, दुसरा आपलं देतो. एसटी यंत्रं घेऊन तालुक्याला निघते. मतमोजणी तिथे, उद्या-परवा. मंडपवाला येतो, दोन्हीकडच्या खुर्च्या एकात एक घालून एकच चळत करतो.

दोघी उमेदवार अजून उभ्या आहेत. दिवसभर हात जोडून खांदे आखडलेत. पोरं निघून गेली, पुरुष हिशेबाला बसायला गेले. मामी रस्ता ओलांडत नाही. सूनही नाही. पण वाट एकच आहे, घरं लागून आहेत. दोघी चालू लागतात, मागंपुढं, दहा पावलांचं अंतर ठेवून. वळणावर मामी थांबते, चपलेत गेलेला खडा काढते. सूनही थांबते. खडा निघेपर्यंत उभी राहते. मग पुन्हा तेवढंच अंतर.

*

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. दहा ते सहा. आठ तास. सातबाऱ्यावर विहीर सामाईक आहे, आठ-आठ आणे. वाटणी झाली तेव्हा जमीन तुटली, गोठा तुटला, देव्हाऱ्यातले देवसुद्धा वाटून घेतले. विहीर तुटत नाही. पहिले चार तास थोरल्याचे, पुढचे चार धाकल्याचे. पुढच्या रात्री उलटं.

मी थोरल्या मामाबरोबर दारं धरायला आलोय. कानाला मफलर, हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. पाण्यात पाय घातला की हाडापर्यंत गार. मामा बोलत नाही. सरी भरली की खोऱ्यानं मातीचा ढेकूळ उचलतो, इकडचं दार बांधतो, तिकडचं मोडतो. पाणी काळं, त्यावर बॅटरीचा उजेड. उसाची पानं एकमेकांवर घासतात. लांब कुठे कोल्हा, आणि नदीपलीकडे कारखान्याचा भोंगा.

दोनला पाच-दहा मिनिटं असताना उसाच्या पलीकडून दुसरी बॅटरी येते. हलत, थांबत. धाकला मामा बांधावर येऊन उभा राहतो. खांद्यावर खोरं. दोघांच्या डाव्या तर्जन्या काळ्या. अर्ज भरल्यापासून दोघांत शब्द नाही, पाळी पोरांना पाठवून बदलत होते. आज पोरं मतदानानं दमून झोपलीत.

पाणी वाहतंय.

“पोचलं का?” धाकला विचारतो. कुणाला ते म्हणत नाही.

“शेवटच्या दोन ऱ्हायल्यात.”

धाकला मामा घड्याळ बघत नाही. खोरं बांधात रोवतो, त्याच्या दांड्याला टेकून खाली बसतो आणि सेल वाचवायला बॅटरी बंद करतो. थोरला मामा माझ्याकडे बघतो. मीही माझी बंद करतो. अंधारात फक्त पाण्याचा आवाज येतो, सरीतून पुढे पुढे सरकणारा.